एकशे सात

१

मूर्खपणा सगळा तिचाच, आणि हे ती कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकते. तुटकी टेप अकरा वर्षं वापरणारी बाई जगाच्या पाठीवर दुसरी नसेल.

पडदे शिवणं हा तिचा धंदा. गळ्यात टेप, अंबाड्यात पेन्सिल, आणि टेपचे पहिले दोन सेंटीमीटर गायब. लग्नाच्या आधीच कधीतरी ते मशीनखाली सापडले आणि कायमचे गेले. नवी टेप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. पण हिचा जीव त्या जुनीत अडकलेला. "दोनपासून सुरू करायचं आणि शेवटी दोन वजा करायचे, त्यात काय एवढं?" असं ती म्हणायची. अकरा वर्षांत वजाबाकी एकदाच विसरली आणि दाताच्या डॉक्टरांचे पडदे लांब झाले. डॉक्टर म्हणाले, "असू द्या, फरशी पुसली जाईल."

घरात मात्र ती वजाबाकी करत नसे. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पोरीच्या उंचीच्या रेघा होत्या. पोरगी जन्मली तेव्हा इतकी लहान होती की आजीनं तिचं नाव 'वीतभर' ठेवलं, आणि खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. वीतभर चौकटीला पाठ लावून उभी राहायची. आई तिच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी ठेवायची आणि म्हणायची, "हलायचं नाही." वीतभर समोर बघत म्हणायची, "हललेच नाही मी." मग रेघ, आणि रेघेशेजारी टेप दाखवेल तो आकडा. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव. एकशे एक. एकशे चार.

"खरी एकशे दोन आहे ती," नवरा चिडवायचा. "आईच्या कौतुकाचे दोन सेंटीमीटर वेगळे."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यांच्या लहान शहरात लिफ्ट इनमिन सहा, त्यातल्या दोन कायमच्या बंद. उरलेल्या चारांची तब्येत विचारत तो दिवस काढायचा. आणि मग एके सकाळी मोठ्या शहरातून पत्र आलं. तिथे तीनशे लिफ्ट होत्या, हाताखाली माणसं होती, अकराव्या मजल्यावर घर होतं. तीन आठवड्यांत कळवा.

चहा निवून गेला तरी कोणी कपाला हात लावला नाही.

"जायचं," नवरा म्हणाला. "मी पस्तीस वर्षांचा झालो, आणि आख्खं आयुष्य चार मजल्यांत वर-खाली करतोय."

"राहायचं," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्या शहरात शेजारी मेला तरी वासावरून कळतं."

"आई, सकाळी सकाळी?"

"मग तुला बातमी कधी देऊ, जेवताना?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिला ठरवणं कधीच जमलेलं नाही. चपला घ्यायला गेली तर दोन रंगांत अडकून अनवाणी परत येणारी बाई ती. ती म्हणाली, "मापाशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. आधी घर बघून येते."

"म्हणजे तेवढेच चार दिवस टळले," सासूबाई म्हणाल्या. त्यांना सून बरोबर कळलेली होती.

२

एजंट तिला अकराव्या मजल्यावर घेऊन गेला. भर दुपार होती. घर रिकामं, पांढरं, उजेडानं नुसतं भरलेलं. काचांवर कारखान्याचे स्टिकर तसेच होते. बोललं की आवाज भिंतीला लागून परत यायचा, पण किंचित उशिरा. म्हणजे घर आधी विचार करतंय आणि मग उत्तर देतंय.

"तुम्ही घ्या मापं," एजंट म्हणाला. "मी खाली गाडी नीट लावून येतो."

ती खूष. रिकामं घर आणि एकटी ती, म्हणजे सुखच की. मोठ्या खोलीला दोन खिडक्या, झोपायच्या खोलीला एक, लांबट. तिनं वहीत मापं लिहिली, मनात चुण्याही घातल्या. वीतभरच्या कोपऱ्यात पिवळा पडदा लागलासुद्धा. लिफ्ट वर येतानाचा घरघर आवाज भिंतीतून येत होता. तिला नवऱ्याची आठवण झाली, आणि वाटलं, जावं बाई. त्या माणसाला तीनशे लिफ्ट मिळू देत.

मग ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. एकावर एक, शेजारी आकडे. कोणाचं तरी पोर इथे वाढलं होतं. तिला गंमत वाटली. सगळ्या आया सारख्याच वेड्या. अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव, पंच्याण्णव... एकशे चार. सगळ्यात वर एकशे सात. त्याच्यावर काही नाही.

हाताला चाळा म्हणून तिनं टेप लावली. एकशे चारच्या रेघेवर टेपनं एकशे चार दाखवलं.

बरोबर, असं म्हणून ती वळली, आणि अर्ध्या वाटेत थांबली.

तिच्या टेपनं बरोबर दाखवायला नको होतं. जगातल्या धड टेपनं लिहिलेली एकशे चारची रेघ तिच्या टेपवर एकशे सहाला यायला हवी. तिनं पुन्हा लावली. अठ्ठ्याऐंशीला अठ्ठ्याऐंशी. एकशे एकला एकशे एक. सगळ्या रेघा दोन सेंटीमीटर खोट्या होत्या, तिच्याइतक्याच खोट्या.

ती स्वतःशी हसली. हसू त्या घरानं थोड्या उशिरानं परत केलं. बरं, असेल. पहिले दोन सेंटीमीटरच तर तुटतात टेपचे, टोकाला पत्रा असतो, तो निघतो. इथेही कोणी तुटक्या टेपची बाई असेल. मूर्खांना काय तोटा? तिनं आकडे वहीत लिहिले, खिडक्यांच्या मापांच्या खालीच. लिहायला अंबाड्यात हात घातला तर पेन्सिल हातातच होती.

एजंट आला. तिनं रेघा दाखवल्या. "असतील कुणाच्या पोराच्या," तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

"आधी कोण राहायचं इथे?"

"मॅडम, माझ्याकडे किल्ल्या देतात. माणसांची माहिती नाही देत."

३

घरी आल्यावर तिनं आधी पाय धुतले, मग वही उघडली, मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. एक एक आकडा बोटानं जुळवला. सहाच्या सहा. सातवा तिच्या चौकटीवर नव्हता, कारण वीतभर अजून तेवढी झालीच नव्हती.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं वही घेतली, चौकट बघितली, डोकं खाजवलं.

"मुलं सारखीच वाढतात गं. त्याचा तक्ता असतो दवाखान्यात."

"आणि टेप?"

"तू काय एकटीच आहेस का कंजूष?" मग गंभीर होऊन म्हणाला, "हे बघ, यायचं नसेल तर तसं सांग. रेघा नको दाखवूस."

तिला ते लागलं. लागलं म्हणून तिनं सातवी रेघ शेवटची होती हे सांगितलंच नाही. खरं तर त्याच्याआधी तिला स्वतःलाच ते सांगायचं होतं, आणि धीर होत नव्हता. पोराची उंची घेणं आई आपणहून थांबवत नाही. आई कंटाळत नाही त्याला. पोर नको म्हणेपर्यंत, मिशा फुटेपर्यंत आया मागे लागतात. मग एकशे सातनंतर त्या बाईनं पेन्सिल का ठेवली?

दुसऱ्या दिवशी तिनं एजंटला फोन केला.

"मालकांना विचारा ना, आधीचे लोक कुठे गेले."

"विचारलं मॅडम. आधीचे लोक नाहीतच. इमारत नवीन आहे. अकराव्यावर अजून कोणी राहिलेलंच नाही."

"मग रेघा?"

"कसल्या?" एजंट म्हणाला. त्याच्या मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. "घ्यायचं का घर, तेवढं सांगा."

घर बदललं की आया काय करतात, हे तिला माहीत होतं. तिनं स्वतः ठरवलंच होतं तसं. जुन्या चौकटीवरच्या रेघा नव्या चौकटीवर उतरवून घ्यायच्या, म्हणजे पोराचं लहानपण मागे राहत नाही. सहा रेघा उतरवायच्या. मग तिथे गेल्यावर एक नवीन.

एकच.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "नाही जायचं."

नवऱ्यानं कारण विचारलं नाही. पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, टाकायला गेला, आणि येताना पायऱ्या एवढ्या सावकाश चढला की आत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "लिफ्टवाल्याला जिना जड झाला."

पोरगी वाचली, असं तिनं स्वतःला सांगितलं. नवऱ्याचं काय, नवरे सावरतात.

४

वीतभर वाढत राहिली. पोरांना दुसरं काम काय? एकशे पाच झाली. एकशे सहा झाली.

आधी तिला काही वाटलं नाही. त्या रेघा त्या घरातल्या, आपण या घरात. दोन घरांचा काय संबंध? पण एकशे सहाच्या दिवशी तिनं माप तीनदा घेतलं. आता ती रोज सकाळी शाळेच्या आधी माप घ्यायला लागली. वीतभरला मजा वाटायची. सासूबाईंना नाही.

"पोर आहे का पडदा? रोज काय मोजतेस?"

मग तिनं दूध अर्धा पेला केलं. केळं बंद केलं. अंड्यातलं पिवळं काढून नवऱ्याच्या ताटात टाकायला लागली. कुणी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणायची. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. मोजून कापणाऱ्या बाईला हे कळणारच. पण जिवापेक्षा दूध मोठं नाही, असं ती मनाशी म्हणायची, आणि वीतभर रिकामा पेला चाटायची तेव्हा दुसरीकडे बघायची.

"आई, अजून?"

"संपलं."

"बाबांच्या कपात आहे."

"तो चहा आहे."

"पांढरा?"

एक दिवस तिला अक्कल सुचली. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं नवी टेप आणली, दोन्ही टोकं धड असलेली. वीतभरला उभी केली आणि मोजली. एकशे चार आणि थोडं वर! एका सकाळीत पोरगी दोन सेंटीमीटर खाली आली. ती इतकी खूष झाली की तिनं पोरीला पेला काठोकाठ भरून दिला. घड्याळ मागे केलं म्हणून वय कमी झालं असं मानणारी माणसं असतात, त्यातली ती. हे सुख तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी तिनं गुपचूप जुनी टेप काढली, कारण चौकटीवरची रेघ काही खाली सरकलेली नव्हती.

एकशे सात झाली ती एका मंगळवारी, पावणेआठला. नवरा मोजे शोधत होता. सासूबाई खिडकीत बसून पेपर वाचत होत्या. वीतभरच्या वेणीची रिबन तिच्या हातात होती. पट्टी डोक्यावर, टेप चौकटीला, आणि आकडा स्वच्छ. एकशे सात. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही.

ती गुडघ्यांवर बसली. पोरीचे दोन्ही खांदे धरले.

"आता वाढू नकोस गं," ती म्हणाली. "इथंच थांब."

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत."

वीतभरनं थोडा विचार केला. "बरं," म्हणाली, आणि दप्तर घेऊन शाळेत गेली. त्या दिवशी तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिनाभर काहीच झालं नाही.

५

पहिल्यांदा लक्षात येणार ते शिवणकाम करणाऱ्या बाईच्याच. फ्रॉकची खालची दुमड तिनं मोठी ठेवली होती, दर सहा महिन्यांनी उसवून सोडायला. वर्ष झालं तरी दुमड सोडायची वेळ आली नाही.

बूट तेच. शाळेच्या रांगेत वीतभर मधली होती, ती पहिली झाली. मग रांगेच्या पुढेही बाई तिला उभी करू लागल्या, फळा दिसावा म्हणून. तिच्याबरोबरच्या मुलींचे दात पडले. हिचे सगळे दात जागच्या जागी, तांदळासारखे. केस कापायला नेलं तर न्हावी म्हणाला, "ताई, मागच्या वेळी कापले ते तसेच आहेत की. काय कापू?"

डॉक्टर म्हणाले, कोणी कोणी उशिरा वाढतं. नवरा म्हणाला, तिला खायला घाल. त्यानं ते ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून तिला कळलं की अर्ध्या पेल्याचं त्याला आधीपासून माहीत होतं. त्यानंतर तो तिच्याशी फारसं बोललाच नाही. सासूबाई तर बोलायच्या तेव्हाही वीतभरच्या माथ्यावरून बोलायच्या.

तिनं सगळं उलटं केलं. दूध, केळी, अंडी, पिवळं सुद्धा. सकाळी चौकटीपाशी उभी करून म्हणायची, "वाढ गं आता. सांगितलं ना मी, वाढ."

"बरं," वीतभर म्हणायची.

एकशे सात.

एका दुपारी ती मशीनवर बसली होती. एका हॉलचा पडदा होता, सात मीटर, सरळ शिवण, पाय आपोआप चालतात असं काम. मशीनवरून स्वयंपाकघराचं दार तिरपं दिसतं. मान वर केली तर वीतभर चौकटीला पाठ लावून उभी. एकटीच. टाचा जुळलेल्या, हनुवटी सरळ, नजर समोर. रोज उभी राहते तशीच.

खेळतेय, असं तिला वाटलं. मग केस दिसले.

वीतभरचे केस कुरळे, दुपारपर्यंत फुलून येतात. आत्ता ते डोक्यावर चपटे बसले होते, सपाट, एका रेषेत, आडवी पट्टी ठेवली की बसतात तसे. पट्टी मशीनवर होती. तिच्या कोपराखाली.

"हललेच नाही मी," वीतभर म्हणाली. समोर बघून.

मग थोडा वेळ ऐकत राहिल्यासारखी गप्प झाली.

"नाही," ती म्हणाली. "आई नुसतं म्हणते. तिला नकोय अजून."

मशीन चालूच राहिलं. पडद्यावरची शिवण वाकडी गेली, तिच्या आयुष्यातली पहिली. तिनं पाय उचलला तेव्हा वीतभरचे केस हळूहळू वर आले, दाबलेलं गवत वर येतं तसे, आणि पोरगी बाहुली आणायला आत निघून गेली.

ती चौकटीपाशी गेली. एकशे सातच्या रेघेवर पेन्सिल इतक्यांदा फिरली होती की तिथे लाकडात खाच पडली होती. तिनं बोट लावलं. खाच खोल होती. रोजच्या तिच्या एका रेघेनं पडावी त्याहून बरीच खोल.

६

मोठ्या शहरातून पुन्हा पत्र आलं. आता तिथे चारशे लिफ्ट होत्या. नवऱ्यानं ते टेबलावर ठेवलं आणि कोणाकडेच न बघता म्हणाला, "मी जातोय. कोणाला यायचं ते ठरवा."

सासूबाई म्हणाल्या, "मीही जाते." मग, पेपरची घडी घालत, "इथे पोरीकडे बघवत नाही."

ती उठली. वीतभर सात वर्षांची होती आणि खुर्चीवर बसली की पाय लोंबकळत होते. तिला उचलून तिनं चौकटीपाशी नेलं. उचलायला काहीच जड नव्हती, दोन वर्षांत कधी झालीच नव्हती. तिनं पट्टी घेतली, डोक्यावर ठेवली. टेप लावली. एकशे सात.

"ऐक," ती म्हणाली. "आपण जाऊ बाबांबरोबर. मोठं शहर आहे. अकराव्या मजल्यावर राहू. तुला पिवळा पडदा शिवते. फक्त तू वाढ. मी खरंच सांगतेय आता, मनापासून. वाढ गं राणी. एक तरी सेंटीमीटर."

आणि तिला दिसली ती दुपार, तो उजेड, ती पांढरी चौकट. एकशे सातच्या वरचं ते कोरं लाकूड. तिथे पोचल्यावर काय होणार होतं, पेन्सिल का थांबली होती, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही.

वीतभरनं मान न हलवता डोळे तेवढे वर केले. डोक्यावरच्या पट्टीकडे बघितलं. पट्टीवर तिच्या आईचा हात होता, आणि तो हात पट्टी खाली दाबत होता, बोटांची नखं पांढरी होईपर्यंत.

"आई," ती म्हणाली, "तू आधी एक काय ते नक्की ठरव."